पिनाटुबोची राख आणि राज्याची तिजोरी

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या वसईत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. वसईच्या मातीत जन्मलेला हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला, हे आपण दरवर्षी सणाच्या दिवशी ऐकतो. परंतु त्यांच्या चरित्रातील एक दुवा आपल्या सहसा ध्यानात राहत नाही. वसई आणि नागासाकी यांच्या दरम्यान मनिला आहे. फ्रान्सिस्कन संघात त्यांचा प्रवेश झाला तो फिलिपाइन्समधील मनिला नगरीत आणि १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते जपानला निघाले तेही तेथूनच. मनिला ज्या लुझोन बेटावर वसले आहे, त्या बेटाशी आपले नाते असे चारशे वर्षांहून जुने आहे.

त्याच बेटावरील एका डोंगराची, त्याच्या राखेखाली गेलेल्या गावांची आणि त्या गावांसाठी राज्याच्या तिजोरीतून निघालेल्या पैशाची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. संकट आले की सरकारने पैसा द्यावा, अशी आपली मागणी असते आणि ती रास्तच आहे. परंतु पैसा आल्यानंतर काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पिनाटुबोचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणून तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

डोंगर जागा झाला

पिनाटुबो हा मनिलाच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरांवरील डोंगर. साम्बालेस, पाम्पांगा आणि तारलाक हे तीन प्रांत त्याच्या पायथ्याशी येऊन मिळतात. सुमारे पाचशे वर्षे तो निद्रिस्त होता. उतारांवर घनदाट अरण्य वाढले होते आणि त्या अरण्यात आएता नावाचे आदिवासी शिकार, कंदमुळे आणि डोंगरशेती यांवर निर्वाह करीत. त्यांची संख्या सुमारे २०,००० होती. डोंगरावर आपला देव आपो नामाल्यारी वास करतो, अशी त्यांची श्रद्धा. भूगर्भातील उष्णतेच्या शोधासाठी डोंगरात विहिरी खोदल्या गेल्या, तेव्हा देव कोपेल अशी भीती त्यांनी व्यक्त केली होती.

२ एप्रिल १९९१ रोजी डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. ही वार्ता मनिलाच्या ज्वालामुखी संस्थेपर्यंत नेण्यात आएतांमध्ये कार्य करणाऱ्या फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींचा मोठा वाटा होता. संस्थेचे संचालक रायमुंदो पुनोंगबायान आणि त्यांच्या साहाय्यास आलेले अमेरिकन शास्त्रज्ञ यांनी रात्रंदिवस निरीक्षण चालविले. धोक्याचे वर्तुळ १० किलोमीटरांपासून वाढवीत अखेर ४० किलोमीटरांपर्यंत नेण्यात आले. १४ जूनपर्यंत सुमारे ६०,००० लोक सुरक्षित स्थळी हलविले गेले होते.

१५ जून रोजी डोंगर फुटला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. दुर्दैवाने त्याच दिवशी ‘युन्या’ नावाचे चक्रीवादळ त्या प्रदेशावरून गेले. आकाशातून पडणारी राख पावसाने भिजली, जड झाली आणि तिच्या भाराखाली घरांची, बाजारांची, मंदिरांची छपरे कोसळली. त्या दिवसांत ३०० हून अधिक माणसे दगावली, ती बहुतांशी छपरांखाली सापडूनच. पुढे छावण्यांतील रोगराई आणि चिखलाचे लोंढे यांमुळे मृतांची संख्या ७०० च्या वर गेली. तथापि वेळीच इशारा मिळाला नसता, तर आणखी किमान ५,००० माणसे प्राणांस मुकली असती, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सरकारी यंत्रणेने केलेल्या या कामाचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

तिजोरी उघडली

त्या काळी फिलिपाइन्सची आर्थिक स्थिती बिकट होती. परदेशी कर्जाचा बोजा मोठा होता. १६ जुलै १९९० रोजी लुझोनमध्ये भीषण भूकंप होऊन बागियो शहर उद्ध्वस्त झाले होते आणि पिनाटुबोच्या स्फोटानंतर पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १९९१ रोजी, ओरमोक शहरात पुराने हजारो बळी घेतले. एका जखमेवर पट्टी बांधावी तोच दुसरी जखम व्हावी, अशी ही अवस्था. राष्ट्राध्यक्षा कोराझोन आक्विनो यांनी विविध खात्यांचे एक कृतिदल नेमून मदतकार्य सुरू केले. परंतु खात्यांच्या नेहमीच्या पैशातून हे ओझे उचलणे अशक्य होते.

३० जून १९९२ रोजी फिडेल रामोस राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रजासत्ताक अधिनियम क्रमांक ७६३७ संमत झाला. पिनाटुबोच्या आपद्ग्रस्तांसाठी त्यात १० अब्ज, म्हणजे आपल्या गणतीने १,००० कोटी पेसोंची तरतूद होती. मदत, पुनर्वसाहत, उपजीविका आणि रस्ते-पूल-बांध यांसारखी बांधकामे अशा कामांसाठी हा निधी होता आणि तो खर्च करण्यासाठी एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला. स्फोटापासून कायद्यापर्यंत पंधरा महिने उलटले होते, हे खरे. तरीही एका आपत्तीसाठी स्वतंत्र कायदा, स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र आयोग असावा, ही दृष्टी दूरची होती. कारण हे संकट एका दिवसाचे नव्हते.

ते कसे, हे समजून घेतले पाहिजे. स्फोटाच्या वेळी पाच घनकिलोमीटरांहून अधिक तप्त राख, वाळू आणि दगड डोंगराच्या उतारांवर व दऱ्यांत साचले. पावसाळा आला की पाणी हा सारा गाळ घेऊन नद्यांतून खाली धावे. ओल्या सिमेंटसारखा वाहणारा हा लोंढा पूल उखडतो, नदीचे पात्र भरून टाकतो आणि मग पात्र सोडून गावात शिरतो. त्याला ‘लाहार’ म्हणतात. हा शब्द जावा बेटावरील भाषेतला. स्फोट १९९१ साली झाला, पण लाहार दर पावसाळ्यात, वर्षानुवर्षे येत राहिले. मध्य लुझोनमधील शेतकरी ज्या पावसासाठी पूर्वी प्रार्थना करीत, तोच पाऊस आता थांबावा म्हणून त्यांस प्रार्थना करावी लागली.

बांध की माणसे?

मग पैसा खर्चावा कशावर? दोन मार्ग होते. नद्यांच्या काठी बांध घालून लाहार अडवावा, किंवा धोक्याच्या गावांतील माणसे अन्यत्र वसवावीत. सरकारने दोन्ही मार्ग धरले. परंतु प्रारंभीच्या वर्षांत मोठा भर बांधांवर आणि नदीतील गाळ उपसण्यावर राहिला. हे बांध कशाचे होते? लाहाराने आणलेल्या वाळूचेच. पुढच्या पावसाळ्यात लाहार येई आणि ती भिंत पुन्हा वाळू होऊन जाई. मूळचे फिलिपिनो असलेले भूशास्त्रज्ञ केल्विन रोदोल्फो यांनी या धोरणावर सडेतोड टीका केली. निसर्गाच्या वाटेत वाळूची भिंत उभारून लोकांना खोटा दिलासा देऊ नका, त्यांना आधी हलवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९९५ साली या विषयावर त्यांचा ग्रंथच प्रसिद्ध झाला.

त्यांचे म्हणणे त्याच वर्षी खरे ठरले. १ ऑक्टोबर १९९५ रोजी एका वादळाच्या पावसाने लाहार उसळला आणि पाम्पांगा प्रांतातील बाकोलोर नगराची काबालांतियान ही दाट वस्ती त्याने गिळली. लोक छपरांवर चढले. लोंढा छपरांवरूनही गेला. किती कुटुंबे त्या चिखलाखाली कायमची राहिली!

त्यानंतर सरकारने सर्व बळ एकवटून एक प्रचंड बांध उभारला. १९९६ मध्ये त्याचे काम झाले आणि तो ‘महाबांध’ म्हणून ओळखला जातो. प्रांताची राजधानी सान फर्नांदो आणि तिच्या पलीकडील वस्त्या या बांधाने वाचविल्या, हे निर्विवाद आहे. परंतु लाहाराला साठण्यासाठी कोठेतरी जागा हवी होती. ती जागा बांधाच्या आत होती आणि बाकोलोर बांधाच्या आत होते.

येथे इतिहासाचे एक विलक्षण वळण दिसते. मद्रासहून निघालेल्या ब्रिटिश आरमाराने १७६२ साली मनिला जिंकले, तेव्हा स्पॅनिश राज्यकारभार सिमोन दे आन्दा यांनी याच बाकोलोरला हलविला होता. काही काळ ते साऱ्या द्वीपसमूहाची राजधानी होते. पुढे १९०४ पर्यंत पाम्पांगा प्रांताचीही राजधानी तेच होते. नंतर तो मान सान फर्नांदोला गेला. नव्या राजधानीच्या रक्षणासाठी जुन्या राजधानीने लाहार अंगावर घ्यावा, असा हा हिशेब झाला. अनेकांना वाचविण्यासाठी थोड्यांचे नुकसान पत्करावे, हे शासनाचे गणित कदाचित चुकीचे नसेल. पण ज्यांचे घर त्या गणितात वजा झाले, त्यांच्या मनातील सल दहा अब्जांच्या कोणत्या खात्यात मांडायचा?

डोंगरावरचे आणि सपाटीवरचे

पुनर्वसाहतीचा हिशेबही असाच पाहावा लागतो. मादापदाप, बुलाऔन अशा ठिकाणी सरकारने नव्या वसाहती आखल्या. सरळ रस्ते, ओळीने घरे, शाळा, आणि कामधंद्यासाठी कारखान्यांच्या इमारती. घरे मिळाली, परंतु कारखाने अपेक्षेप्रमाणे आले नाहीत आणि शेतकऱ्याच्या हाताला काम देणारे शेत मात्र राखेखाली गेले होते. छप्पर आहे, पण चुलीवर काय ठेवायचे याची चिंता आहे, अशी अनेकांची दशा झाली.

आएतांचे दुःख त्याहून खोल होते. स्फोटानंतरच्या छावण्यांत गोवर, अतिसार आणि न्यूमोनिया पसरला व त्यांची बालके मोठ्या संख्येने दगावली. सपाटीवरच्या वैद्यांवर आणि त्यांच्या लसींवर अनेक कुटुंबांचा विश्वास नव्हता. शतकानुशतके ज्यांनी त्यांना हिणवले, त्यांच्याच हातून सुई टोचून घेणे त्यांना सोपे नव्हते. पुढे त्यांच्यासाठी स्वतंत्र वसाहती झाल्या. पण तेथील जमीन निकस, अरण्य दूर, आणि रांगेतल्या घरांत राहण्याची त्यांना सवय नाही. कित्येक कुटुंबे पुन्हा डोंगराची वाट चालू लागली. सरकारी दप्तरात ही ‘पुनर्वसित’ माणसे होती. प्रत्यक्षात ती परत राखेत बी पेरीत होती. आदिवासींचा वडिलोपार्जित भूमीवरील हक्क मान्य करणारा कायदा फिलिपाइन्सने १९९७ साली केला. आएतांना हवी होती ती मूळ गोष्ट ही होती. त्यांना घराआधी भूमी हवी होती.

खिडकीचे दार झाले

आता बाकोलोरकडे पुन्हा वळू. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात येथे संत विल्यमच्या नावे मंदिर स्थापिले. आजची वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. सुमारे १२ मीटर उंचीचे हे मंदिर १९९५ च्या लाहारात निम्मे, म्हणजे ६ मीटर, गाडले गेले. बाकोलोरच्या लोकांनी काय केले? त्यांनी चिखल उपसून वेदी व तिच्यामागचा कोरीव लाकडी देव्हारा बाहेर काढला आणि घुमटाखाली, जेथे अजून उंची शिल्लक होती, तेथे नेऊन पुन्हा उभारला. नव्या जमिनीच्या पातळीवर आलेल्या खिडक्यांची दारे झाली. त्या दारांतून आजही भाविक परमप्रसादाला जातात.

घरांचेही तेच झाले. सरकारी वसाहतींत गेलेली कुटुंबे हळूहळू परतली. ज्यांचा तळमजला गाडला गेला होता, त्यांनी वरच्या मजल्याला तळमजला केले. काहींनी खांबांवर उंच घरे बांधली. १९९० च्या जनगणनेत बाकोलोरची लोकसंख्या सुमारे ६७,००० होती. १९९५ मध्ये ती सुमारे १३,००० वर आली. २०२० च्या गणनेत ती पुन्हा सुमारे ४८,००० झाली. नकाशावरून पुसले जाईल असे वाटलेले नगर तेथील माणसांनी पुसू दिले नाही.

याचा अर्थ सरकारी पैसा व्यर्थ गेला असा कोणी काढू नये. महाबांध नसता तर सान फर्नांदोही गेले असते. वसाहती नसत्या तर हजारो कुटुंबे उघड्यावर राहिली असती. परतलेल्या बाकोलोरवासीयांनाही रस्ते आणि पूल सरकारनेच दिले. मात्र निधी जेथे लोकांच्या इच्छेला जोडला गेला, तेथे गाव उभे राहिले. जेथे तो त्यांच्यावर लादला गेला, तेथे भिंती उभ्या राहिल्या आणि माणसे निघून गेली.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ हे परिपत्र १ मे १९९१ रोजी, म्हणजे पिनाटुबो धुमसत असतानाच, प्रसिद्ध झाले. वरच्या सत्तेने खालच्या समूहाला आधार द्यावा, परंतु त्याचे काम आणि त्याचा निर्णय हिरावून घेऊ नये, या ख्रिस्तसभेच्या जुन्या तत्त्वाचा त्यात पुनरुच्चार आहे. गुरुविद्यालयात हे तत्त्व आम्ही पुस्तकातून शिकलो. त्याचा अर्थ आम्हांस थोडा उमगला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. तेथेही जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने मोठा खर्च करून नवी गावे वसविली. घरे भक्कम झाली, जीव सुरक्षित झाले. पण रुंद, सरळ रस्त्यांच्या त्या गावांत जुन्या गल्लीतला शेजार अनेकांना सापडेना.

उद्या आपल्या किनाऱ्यावर वादळ येईल, पूर येईल. आपल्या धर्मग्रामात पंचनामे होतील, याद्या होतील, तरुण मंडळी मदतीला धावतील. त्या वेळी यादीत नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाजवळ क्षणभर बसावे आणि त्याला काय हवे आहे, हे विचारावे. या विचारण्याला तिजोरीतला एक पैसाही लागत नाही. आणि ते राहून गेले, तर दहा अब्जही अपुरे पडतात.