वातानुकूलनाची अतिरिक्त क्षमता
वातानुकूलनाची अतिरिक्त क्षमता म्हणजे जागेच्या उष्णताभारापेक्षा मोठी वातानुकूलन यंत्रणा बसवणे. यामुळे कार्यालयातील हवा थंड होते, परंतु दमट राहते.

हवेतील बाष्प थंड कॉइलवर साचून पाण्याच्या रूपाने निथळते. त्यासाठी यंत्र बराच वेळ सलग चालावे लागते. मोठे यंत्र ठरवलेले तापमान लवकर गाठते व कॉम्प्रेसर बंद होतो. पंखा सुरूच राहिल्यास कॉइलवरील पाणी पुन्हा हवेत मिसळते. दमटपणा घालवण्यासाठी तापमान आणखी उतरवल्यास गारठा वाढतो, सापेक्ष आर्द्रता मात्र चढीच राहते. ती दीर्घकाळ ६० टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास बुरशीचा धोका वाढतो.

विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रणेचा मुख्य हेतूही आर्द्रता नियंत्रण हाच होता.

उष्णताभार मोजून क्षमता ठरवणे हा यावरील मूलभूत उपाय आहे.