पालि ग्रंथाचे वाचन आणि धर्मानंद कोसंबी

नावडे-पनवेल परिसरातून पालि विषयात एम. ए. करणारे विद्यार्थी 'विसुद्धिमग्ग' हाती घेतात आणि पहिल्याच प्रकरणात खचतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. संस्कृत येत नाही, घरात कोणी असा ग्रंथ वाचलेला नाही, तेव्हा हे आपले काम नव्हे, असा त्यांचा ग्रह होतो. हा ग्रह इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे उचित ठरेल.

गोव्यातील सांखवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्राने ओढ लावलेला हा पुरुष 1899 च्या अखेरीस घराबाहेर पडला, काशीस संस्कृत शिकला आणि 1902 साली श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी अध्ययनास बसला. तेथील पालि ग्रंथ सिंहली लिपीत. म्हणजे पंचविशी उलटल्यावर पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ! पुढे ब्रह्मदेशात तेथील लिपीशी गाठ पडली, ती वेगळीच. काशीचे संस्कृत त्यांच्या उपयोगी पडले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अभिधम्मातील चित्त-चेतसिकांची गणना केवळ व्याकरणाने उलगडत नाही. तेथे गुरुमुखाने ऐकणे आणि अट्ठकथा शेजारी उघडी ठेवणे, हाच उपाय.

निकायांत अध्ययनाचा क्रम सांगितला आहे तो असा : ऐकलेले धारण करावे, वाचेने घोळवावे, मनाने तपासावे, मग ते भेदून जाणावे. आमचे विद्यार्थी नेमकी शेवटची पायरी प्रथम मागतात आणि ती न लाभल्यास आपल्या बुद्धीस दोष देतात. एका बैठकीस दहाच ओळी मोठ्याने वाचून त्यांचा अर्थ शेजारच्यास आपल्या मराठीत सांगावा. जो शब्द सांगता येत नाही तो कळलेला नाही, एवढे तरी निश्चित होते.

कोसंबींना या ग्रंथाने दीर्घकाळ गुंतवून ठेवले. वॉरन यांच्या 1899 मधील निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन हाती घेण्यास ते 1910 साली हार्वर्डला प्रथम गेले. ती आवृत्ती निघाली 1950 साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. दरम्यान 1940 मध्ये त्यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला आणि 1941 मध्ये 'अभिधम्मत्थसंगहा'वर 'नवनीतटीका' लिहिली, तीही पालीतच.

1912 ते 1918 या काळात ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवीत. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे 'विमुत्तिमग्गा'चे चिनी भाषांतर 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिले. तो ग्रंथ पुण्यातच 1937 साली प्रसिद्ध झाला.