एकसारखी वीस मशिनं

गिरगावात ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज या पट्ट्यात नव्वदीच्या सुरुवातीला जे कॉम्प्युटर क्लास निघाले, त्यांतल्या बऱ्याच मशिनांना हार्डडिस्कच नव्हती. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती थट्टा समजतात. डिस्क महाग, म्हणून ती एकाच मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये. सर्व्हरवर नॉव्हेलचं नेटवेअर, बाकीचे सगळे 'नोड'. नोडमध्ये मदरबोर्ड आणि नेटवर्क कार्ड, कार्डावरच्या खाचेत बूट रॉमची चिप. बटण दाबलं की ती चिप केबलवर हाक मारायची, सर्व्हर ओ द्यायचा आणि डॉस थेट मेमरीत येऊन बसायचं.

ते डॉस यायचं कुठून? नेटवेअरबरोबर डॉसजेन नावाचा छोटा प्रोग्राम मिळायचा. एक बूट होणारी फ्लॉपी नीट तयार करायची, ए ड्राइव्हमध्ये घालायची आणि डॉसजेन चालवायचं. तो त्या फ्लॉपीची हुबेहूब एक फाईल करून सर्व्हरच्या लॉगिन डिरेक्टरीत ठेवायचा. मग नोड बारा असोत की चोवीस, सगळ्यांचं डॉस ते एकच. काही बदलायचं असेल तर फ्लॉपी बदला, डॉसजेन पुन्हा चालवा आणि पोरांना रीसेट दाबायला सांगा. कटकट व्हायची ती वेगळीच. काळी कोॲक्सिअल केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जायची, प्रत्येक ठिकाणी टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर. बाकाखालून जाताना कुणाची चप्पल त्या टी-ला लागली की सगळी लॅब बसायची. मग मी गुडघ्यांवर रांगत, एकेक जोड हलवून बघत. पण मशीनवर 'काहीतरी टाकायचं' हे काम त्या खोल्यांमध्ये नव्हतंच.

हे क्लास चालवणारे बरेचसे मूळचे टायपिंगवाले. रेमिंग्टन, गोदरेज, फॅसिटच्या रांगा लावून सरकारी टंकलेखन परीक्षांना मुलं बसवणारे, तीस आणि चाळीस शब्दांच्या वेगाचे गुरू. यंत्र एकदा घेतलं की वीस वर्षं बघायचं नाही. रिबन बदलायची, तेल घालायचं, 'क'ची दांडी वाकली तर सरळ करायची, एवढाच त्यांचा अनुभव. नोड त्यांना पटले, कारण नोडही तसेच होते. त्यांचं बिनसलं ते डिस्क स्वस्त झाल्यावर.

डिस्क स्वस्त झाली ती आमच्याच दाराशी. ऑपेरा हाऊसकडून मुंबई सेंट्रलकडे जाणारा लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव पाटीवरून गेलं, पण तोंडातून गेलं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता दोन गोष्टींसाठी माहीत: मिनर्व्हा, अप्सरा, नाझ ही थिएटरं, आणि रेडिओचे सुटे भाग. गणपतीत वाडीचा ॲम्प्लिफायर जळाला की पोरगं पळायचं ते लॅमिंग्टनलाच. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्या त्या गाळ्यांमध्ये हळूहळू मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट आले. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं आणि कंपनीच्या मशीनपेक्षा 'असेंबल्ड' मशीन इतकं स्वस्त पडू लागलं की आमच्या भागात कंपनीचं मशीन बँकेत किंवा एलआयसीतच दिसायचं.

आता माझं खरं म्हणणं. वीस मशिनांवर एकदम, हात न लावता सिस्टीम चढवायची साधनं जगात फार आधीपासून होती आणि ती आमच्यापर्यंत वेळेवर पोचलीही. गिरगावात ती चालली नाहीत याचं कारण तंत्र नव्हे, खरेदीची रीत. क्लासवाला वीस मशिनं एकदम कधी घ्यायचाच नाही. जूनची फी जमली की चार, दिवाळीनंतर तीन, शेजारचा क्लास बंद पडला की त्याची पाच. रोज सकाळी भाव बदलायचा आणि भावाबरोबर बोर्डही. पहिल्या चारांत इंटेलचा चिपसेट, पुढच्या तिनांत व्हिया, नंतरच्यांत सिस. दुकानदाराला म्हणावं, "शेठ, वीस बोर्ड एकाच बॅचचे पाहिजेत," तर उत्तर ठरलेलं: "आज आठ आहेत. बाकी दुसऱ्या कंपनीचे घे ना, चिपसेट तोच आहे." चिपसेट तोच असायचा. साउंडची चिप निराळी असायची, नेटवर्कची निराळी असायची, आणि दोन्हीच्या ड्रायव्हरची सीडी कॅबिनेटच्या खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असायची.

विंडोज ९५ आली २४ ऑगस्ट १९९५ ला. सीडी-रॉम ड्राइव्ह सगळ्यांकडे नव्हता, म्हणून फ्लॉप्यांचा संच, तेरा फ्लॉप्यांचा. तेराव्या फ्लॉपीवरून जे विनोद व्हायचे ते गिरगावकराला सांगायला नकोत. एका मशीनवर चढवायचं तर एफडिस्क, फॉरमॅट, मग एकेक फ्लॉपी घाल-काढ, मध्येच दहा आकडी की. त्या कीची तपासणी इतकी भोळी होती की शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला की झालं. म्हणून दहाही ठिकाणी एक दाबलं तरी चालायचं, आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळं उरकायला एका मशीनला तासभर तरी, शिवाय ड्रायव्हर.

ही मधली प्रश्नोत्तरं टाळायची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली होती. की काय, मशीनचं नाव काय, कुठल्या देशाची वेळ लावायची, अशी उत्तरं आधीच एका फाईलीत लिहून ठेवायची आणि सेटअपला ती फाईल दाखवायची. विंडोज ९८ च्या सीडीत अशी फाईल बनवून देणारा वेगळा प्रोग्रामच होता. एनटीला 'अनअटेंड' नावाची फाईल चालायची. मी ते वाचलं, घरी करून पाहिलं आणि मोठ्या उत्साहाने एका सरांना सांगायला गेलो. सर जुने टायपिंगवाले, नाकावर चष्मा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, पण तू आहेस ना? मग हे कशाला?" त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. डिप्लोमा झालेला पोरगा महिन्याला जेवढं घ्यायचा, तेवढ्यात एक चांगली डिस्कही येत नव्हती. उत्तरांची फाईल बनवायला डोकं लागतं, ती तपासायला रिकामं मशीन लागतं, आणि पुढच्या चार मशिनांना ती लागू पडेलच असं नाही. पोरगा मात्र प्रत्येक मशीनला लागू पडतो.

म्हणून आमचं 'ऑटोमेशन' म्हणजे युक्त्या. सीडीवरचं विंडोज ९८ चं फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करून सेटअप तिथून चालवायचा, म्हणजे पुढे कधी विंडोजने "सीडी घाला" म्हटलं की डी दाखवायचा. दुसरी युक्ती स्मार्टड्राइव्हची. विंडोज २००० किंवा एक्सपी डॉसमधून चढवायची वेळ आली तर आधी स्मार्टड्राइव्ह मेमरीत घ्यायचं. फाईली वाचताना-लिहिताना ते मध्ये साठा करून ठेवतं. ते विसरलं तर कॉपीचा पट्टा मुंगीच्या पावलाने सरकायचा आणि वीस मिनिटांचं काम काही तास खायचं. नवीन पोराची परीक्षा घ्यायची तर मी बाकी काही विचारत नसे, फक्त त्याने स्मार्टड्राइव्ह घेतलं का बघायचो.

मग २६ एप्रिल १९९९, सोमवार. चेन इंग-हाऊ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस, ज्याला पुढे चेर्नोबिल म्हणू लागले, तो त्या तारखेला उठला. तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बोर्डावरचा बायोसही. बायोस गेलेलं मशीन चालूच होत नाही, फक्त पंखा फिरतो. त्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवर बायोसची चिप लिहून देणाऱ्यांकडे रांगा होत्या, आणि आमच्याकडे 'फॉरमॅट मारून द्या' म्हणणाऱ्यांच्या. एकेक सीडी घालत बसण्यात आता अर्थ नाही, हे त्या आठवड्याने क्लासवाल्यांना पटवलं.

घोस्ट तोवर आलेलं होतं. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्डने ते लिहिलं, आणि १९९८ मध्ये ती कंपनी सिमँटेकने विकत घेतली. एक मशीन मनासारखं तयार करा, त्याच्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवा. दोन डिस्क एका केबलवर लावायच्या, एक मास्टर, एक स्लेव्ह. पाठीमागचा इवलासा जंपर नखाने उपसून दुसऱ्या पिनांवर बसवायचा. मग पडद्यावर सोर्स निवडा, डेस्टिनेशन निवडा. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच मापाच्या असल्या तर कोणती भरलेली आणि कोणती कोरी? उलटं दाबलं तर कोरेपणाची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून आम्ही मूळ डिस्कच्या सी ड्राइव्हला 'गणपती' असं लेबल द्यायचो. पार्टिशनच्या यादीत गणपती दिसला की मगच येस. 'घोस्ट मारणे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रुजला, आणि भुताला गणपतीच्या पहाऱ्यात ठेवलंय म्हणून आमच्यात हसण्यावारी न्यायचे.

नेटवर्कवरून घोस्ट मारायची सोयही होती. दहा मेगाबिटच्या हबवर एक जीबीची इमेज एका मशीनला द्यायला पंधरा मिनिटं धरली, तर वीस मशिनांना एकामागून एक पाच तास. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच बोलतो आणि सगळे एकदम ऐकतात. पण इथेच ती जुनी खरेदी आडवी यायची. विंडोज ९८ बिचारी सोशिक. निराळा बोर्ड दिसला की शंभर वेळा 'न्यू हार्डवेअर फाउंड' म्हणेल, पण उठेल. २००० आणि एक्सपी तशा नाहीत. इंटेल बोर्डावर बनवलेली इमेज व्हियाच्या बोर्डावर चढवली की निळा पडदा आणि खाली सात-बीचा एरर: डिस्कच सापडत नाही. तो पडदा बघितला की मला त्या मशीनच्या खरेदीची तारीख कळायची.

फरक पडला तो एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, हा कोर्स गल्लोगल्ली पोचला, आणि माझ्या पाहण्यातल्या काही क्लासवाल्यांनी केंद्र मिळवण्यासाठी पहिल्यांदाच कर्ज काढून पंधरा-वीस मशिनं एका दिवशी, एका बिलावर उचलली. हातगाडीवर सीआरटी मॉनिटरची खोकी रचून हमाल खेतवाडीतून आले तेव्हा अख्खी वाडी गॅलरीत. त्या लॅबमध्ये मी एक मशीन बनवलं आणि बाकीची रात्रीत झाली. नवीन सॉफ्टवेअर कुठलंच नव्हतं. नवीन होतं ते बिल.

लायसन्सबद्दल बोलल्याशिवाय हा इतिहास खोटा ठरेल. आमच्या भागातल्या बहुतेक इमेजा चोरीच्या कीवर उभ्या होत्या, आणि अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने बदनाम बाजारांच्या यादीत लॅमिंग्टन रोडचं नाव उगाच घातलं नाही. चोरीची शिक्षाही इमेजमधूनच यायची. एक्सपीची जी की जगभर फुटली होती, ती २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने नाकारली. मग एक नव्हे, सगळी लॅब अडली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेटवर्कवरून पसरणारा ब्लास्टर वर्म आला. नुकती चढवलेली एक्सपी केबलला जोडताच साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू. त्यावर उपाय एकच, पॅच घातलेली इमेज तयार ठेवणं. सीडी घेऊन फिरणारा पोरगा तिथे पहिल्यांदा हरला.

डीटीपीवाल्यांची गोष्ट न्यारी. गिरगावातल्या छापखान्यांच्या मशिनांवर श्रीलिपी किंवा आकृती, आणि पाठीमागे पॅरलल पोर्टला लावलेलं लॉक. डिस्कची प्रत होते, लॉकची होत नाही. तिथे घोस्ट मारून काही उपयोग नसे. ते लोक मशीनला हात लावू देत नसत, आणि बरोबरच होतं.

लिनक्सवाल्यांनी हे सगळं जास्त सरळ केलं. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर सीडी यायची. रेड हॅट चढवून झालं की आपण दिलेली सगळी उत्तरं एका फाईलीत आपोआप लिहिलेली सापडत. तीच किकस्टार्टला दिली की दुसरं मशीन काही न विचारता तयार. जुन्या बिनडिस्कच्या मशिनांनाही पुन्हा कामाला लावता आलं. लॅमिंग्टनच्या स्वस्त रियलटेक कार्डांवर बूट रॉमची खाच असायची, चिप नसायची. इथरबूटच्या संकेतस्थळावरून आपल्या कार्डाची रॉम फाईल उतरवून फ्लॉपीवर टाकली की ती फ्लॉपीच चिपचं काम करायची. हे बघून आमचे टायपिंगवाले सर म्हणाले, "हे तर आपले नोडच की." मी मान हलवली.

आता मी तीन क्लासेसच्या लॅब बघतो. इमेजा क्लोनझिलाने काढतो, तैवानच्या सरकारी संगणन केंद्रातून आलेलं, फुकट आणि कायदेशीर. बूट नेटवर्कवरून, फ्लॉपीची गरज नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जे जुन्या बोर्डांवर नाही. एका क्लासने उबंटू घ्यायचं ठरवलंय. दुसऱ्याने नवीन मशिनं घ्यायची ठरवलीत, पण वीस नव्हे, आत्ता सहा आणि बाकीची परीक्षांनंतर. मी त्यांना म्हटलं आहे, सहाच्या बिलावर बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, रिव्हिजनसकट, आणि मला फोटो पाठवा.