आरोना : संत चार्ल्स बोरोमेओ यांच्या जन्मगावी

ज्युबिली वर्षाच्या निमित्ताने २०२५ मध्ये रोमची यात्रा घडली. चारही महामंदिरांची पवित्र द्वारे ओलांडून झाली आणि सोबतची मंडळी मायदेशी परतली. मला मात्र मिलान शहरात सेवा करणाऱ्या एका जुन्या सेमिनरीबंधूकडे आणखी चार दिवस राहण्याची मुभा होती. त्याने पहिल्याच दिवशी बजावले, “दोन आठवडे देवळंच पाहिलीस. आता एक दिवस तळ्याकाठी जाऊन नुसता बस.” त्याचा सल्ला मानून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरोनाची गाडी पकडली. तासाभराचाच प्रवास होता.

लागो मॅज्जोरे हे इटलीतील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे पासष्ट किलोमीटर असून उत्तरेचे टोक स्वित्झर्लंडमध्ये शिरते. तिचिनो नदी वरून त्यात उतरते आणि दक्षिणेला बाहेर पडते. त्या दक्षिण भागात, पश्चिम काठावर आरोना वसले आहे. स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की पाणी दिसते. काठाने झाडांची रांग, बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे वृद्ध, धक्क्याला लागणारी प्रवासी बोट, आणि समोरच्या तीरावर आंजेराचा किल्ला. घाई अशी कुणालाच नव्हती. मीही एका बाकावर कॉफीचा कप घेऊन तासभर बसलो. प्रार्थनापुस्तक पिशवीतच राहिले, हे कबूल करतो.

या शांत पाण्याने मोठे ओझे वाहिले आहे. मिलानच्या कॅथेड्रलचे बांधकाम १३८६ साली सुरू झाले. त्यासाठी लागणारा संगमरवर या सरोवराच्या वरच्या अंगाला असलेल्या कांदोल्याच्या खाणीतून निघे. तराफ्यांवर लादलेले ते दगड सरोवरातून, तिचिनो नदीतून आणि पुढे कालव्यातून थेट मिलानपर्यंत जात. पुढे ज्याने त्या कॅथेड्रलमधून धर्मप्रांताचा कायापालट केला, तो मुलगाही याच काठावर जन्मला. २ ऑक्टोबर १५३८ रोजी आरोनाच्या किल्ल्यात काउंट जिल्बेर्तो बोरोमेओ आणि मार्गारीता यांना दुसरा पुत्र झाला. त्याचे नाव कार्लो. आपण त्यांना संत चार्ल्स म्हणून ओळखतो.

किल्ला आता उभा नाही. नेपोलियनच्या हुकुमाने १८०० साली तो पाडण्यात आला. टेकडीवर भिंतींचे अवशेष आणि त्यांत उगवलेली हिरवळ आहे. तिथून सरोवर पाहताना मनात आले की, ज्याला हे सारे वारशाने मिळत होते त्याने ते सोडावे कशासाठी?

खरे तर त्यांनी ते एकदम सोडले नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाराव्या वर्षीच आरोनाच्या मठाचे उत्पन्न या बालकाच्या नावे झाले. स्वतःच्या शिक्षणापुरते ठेवून उरलेले उत्पन्न गरिबांचे आहे, असे त्याने वडिलांना सांगितल्याचे चरित्रकार लिहितात. पाविया येथे कायद्याची पदवी घेतली त्याच वर्षी, म्हणजे १५५९ च्या नाताळात, त्यांचे मामा पोप झाले व त्यांनी चौथे पायस हे नाव घेतले. काही आठवड्यांतच भाचा कार्डिनल झाला. वय पुरते बावीसही नव्हते. आज आपण याला वशिला म्हणू, आणि तो वशिलाच होता. रोममध्ये त्यांनी काम मन लावून केले, पण शिकार, बुद्धिबळ आणि संगीत हेही चालू होते. नोव्हेंबर १५६२ मध्ये थोरला भाऊ फेदेरिको अचानक वारला. आता चार्ल्सने विवाह करून घराणे चालवावे, असा आप्तांचा आग्रह सुरू झाला. त्यांनी उलट वाट धरली. १५६३ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला, संत अंब्रोज यांच्या सणादिवशी, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. तीनच दिवसांपूर्वी, ४ डिसेंबरला, ट्रेंटची धर्मपरिषद समाप्त झाली होती. त्या परिषदेच्या शेवटच्या टप्प्यात रोमकडून पत्रव्यवहाराची सारी धुरा याच तरुणाने वाहिली होती.

परिषदेचे ठराव कागदावर राहणे सोपे होते. मिलानमध्ये सुमारे ऐंशी वर्षे एकही आर्चबिशप वस्तीला राहिला नव्हता. चार्ल्स सप्टेंबर १५६५ मध्ये तिथे आले आणि मरेपर्यंत ते शहर त्यांनी आपले मानले. प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असे ट्रेंटने जुलै १५६३ मध्ये ठरवले होते. मिलानची सेमिनरी १५६४ सालीच सुरू झाली. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळा त्यांनी खेडोपाडी पोहोचवल्या. अकरा धर्मप्रांतीय आणि सहा प्रांतिक सभा घेतल्या. आपल्या चर्चमध्ये कुमसाराच्या खुर्चीला जी जाळी असते, तिच्याविषयीचे तपशीलवार नियमही त्यांच्या १५७७ सालच्या चर्चबांधणीविषयक ग्रंथात आढळतात. माझ्यासारखा सेमिनरीत घडलेला कोणताही धर्मगुरू या माणसाच्या ऋणातच आहे.

सुधारणा सर्वांना रुचत नाही. उमिल्याती नावाच्या संघाची शिस्त त्यांनी कडक केली, तेव्हा ऑक्टोबर १५६९ मध्ये त्याच संघातील एका व्यक्तीने ते खासगी मंदिरात प्रार्थनेला बसले असता त्यांच्यावर गोळी झाडली. ते बचावले. परंतु त्यांच्या कडकपणाची दुसरी बाजूही झाकून ठेवू नये. १५८३ साली स्वित्झर्लंडमधील मेसोल्चिना खोऱ्याला त्यांनी भेट दिली, तेव्हा चेटकिणी ठरवून काही स्त्रियांना जाळण्यात आले. संतही आपल्या काळाच्या अंधारातून पूर्णपणे सुटत नाहीत, हे आपण मान्य केले पाहिजे.

दुपारी मी गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. तिथे संत चार्ल्स यांचा तो प्रसिद्ध पुतळा आहे. गावकरी त्याला ‘सान कार्लोने’, म्हणजे ‘थोरला संत चार्ल्स’ म्हणतात. १६१० साली ते संत घोषित झाले. त्यांचे चुलतभाऊ, मिलानचे आर्चबिशप फेदेरिको बोरोमेओ यांच्या पाठिंब्याने इथे चॅपेलांची मालिका आणि शेवटी हा पुतळा, अशी योजना आखली गेली. चॅपेले बहुतेक अपुरीच राहिली. पुतळा मात्र चेरानो या चित्रकाराच्या आराखड्यावरून झानेल्ला आणि फाल्कोनी यांनी घडवला आणि १६९८ साली तो पूर्ण झाला. पुतळा तेवीस मीटरांहून अधिक आणि चौथरा जवळजवळ बारा मीटर, मिळून पस्तीस मीटरांची उंची. आत दगडी खांब व लोखंडी सांगाडा आणि वरून ठोकून आकार दिलेले तांब्याचे पत्रे अशी त्याची रचना आहे. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवण्यापूर्वी शिल्पकार बार्तोल्दी यांनी याचा अभ्यास केला होता. गंमत अशी की, बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावर एकच लॅटिन शब्द आहे : हुमिलितास, म्हणजे नम्रता!

बाहेरून हा संत किती निवांत दिसतो! डोके उघडे, डाव्या हाती ग्रंथ, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. आत चढता येते हे कळल्यावर वयाचा विचार न करता मी निघालो. चौथऱ्यापर्यंत पायऱ्या आहेत, पुढे मात्र जवळजवळ उभी शिडी. आत काळोख, गंजलेले लोखंड, खडबडीत दगड आणि उकाडा. धापा टाकीत डोक्यापर्यंत पोहोचलो आणि संतांच्या डोळ्यांच्या छिद्रांतून सरोवर पाहिले. तिथे उभा असताना मला १५७६ साल आठवले आणि त्याबरोबर, न बोलावता, २०२० साल आठवले.

ऑगस्ट १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेगची साथ आली. गव्हर्नर आणि बहुतेक उमराव शहर सोडून गेले. आर्चबिशप परगावी होते, ते शहरात परतले. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपले मृत्युपत्र केले. काय होऊ शकते याची त्यांना पूर्ण कल्पना होती. मग ते शहराबाहेरच्या लाझारेत्तोत रुग्णांपाशी जाऊ लागले, त्यांना संस्कार देऊ लागले. राजवाड्यातले पडदे फाडून उघड्यांसाठी कपडे शिवले. भुकेल्यांसाठी भांडी विकली. अनवाणी, गळ्यात दोर बांधून त्यांनी पश्चात्तापाच्या मिरवणुका काढल्या. साथीत गर्दी जमवणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण शहरवासीयांना घरांत कोंडून घेण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोक खिडक्यांतून मिस्सा पाहत. दिवसातून सात वेळा घंटा होई आणि एका खिडकीतली प्रार्थना समोरच्या खिडकीतले लोक पुढे नेत. ते स्वतः व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज बाळगत, लोकांनी फार जवळ येऊ नये म्हणून हाती काठी ठेवत. शहरातील सुमारे सतरा हजार माणसे त्या साथीत गेली.

पुढे त्या वेद्यांच्या जागी क्रूस उभे राहिले. आपल्याला हे परके वाटू नये. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. त्या साथीत वांद्रे, गिरगाव, माझगाव येथील भाविकांनी रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले. त्यांपैकी कित्येकांपुढे आजही रोझरी होते.

आता माझे सांगतो. २०२० साली आमच्या धर्मग्रामातली एक वृद्ध माउली रुग्णालयात होती. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, “फादर, आई तुमचीच वाट पाहतेय.” मी फोनवरूनच प्रार्थना म्हटली, आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी ती गेली. नियम कडक होते, असे मी पाच वर्षे स्वतःला सांगत आलो. नियम होतेच. पण मला आत सोडाल का, असे मी रुग्णालयाला विचारलेदेखील नव्हते. नकार मिळाला असता तर गोष्ट वेगळी. मला होकाराची भीती वाटली होती.

पुतळ्याच्या आत उभा असताना हे प्रथमच इतके स्वच्छ दिसले. संत चार्ल्स यांनी काळजी घेतली नाही असे नाही. काठी आणि स्पंज याची साक्ष देतात. त्यांना भीती नसेल असेही नाही. मृत्युपत्र याची साक्ष देते. मात्र त्यांच्या काळजीची सबब झाली नाही. ते सावध राहून गेले. मी सावध राहून घरी बसलो.

खाली उतरलो तेव्हा ऊन कलले होते. ऑक्टोबर १५८४ च्या अखेरीस सरोवराच्या उत्तर टोकाला आस्कोना येथे विद्यालय स्थापून तापाने फणफणलेले चार्ल्स बोटीने आरोनाला आले आणि सकल संतांच्या सणाची मिस्सा त्यांनी आपल्या जन्मगावी अर्पण केली. तिथून मिलानला पोहोचल्यावर ३ नोव्हेंबरच्या रात्री ते वारले. वय अवघे शेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी मिलानला मित्राच्या चॅपेलमध्ये मी त्या माउलीसाठी मिस्सा केली.

परतल्यावर तिच्या मुलाच्या घरी गेलो. जे इथे लिहिले तेच त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तेव्हा मीपण दारातूनच परत आलो होतो, फादर.” आम्ही दोघांनी तिच्या फोटोपुढे एक दशक म्हटले.

४ नोव्हेंबरला संत चार्ल्स यांचा सण येतो. वाचकांपैकी कुणी मिलानला गेलेच तर अर्धा दिवस आरोनासाठी अवश्य काढावा. तळ्याकाठी निवांत बसावे, आणि गुडघे साथ देत असतील तर त्या शिडीने वर जावे. ज्यांना तेवढे दूर जाणे नाही, त्यांनी आपल्या वेशीवरच्या क्रूसापाशी क्षणभर थांबावे आणि आपल्या घरातून निरोप न घेता गेलेल्यांची आठवण करावी.