तुळशी, विहार आणि मिठी

आपल्या दिंडीची निम्मी मंडळी सातारा भागातल्या वाडीवस्तीवर, तर निम्मी पोटासाठी कुर्ला, मरोळ, साकीनाक्याला गेलेली. शंभर वर्षांच्या या अंकात नीरेचं, चंद्रभागेचं लिहिणारे पुष्कळ. मुंबईकर माळकऱ्यांच्या दाराशी जी मिठी नदी आहे, तिचं कुणी लिहीना, म्हणून आम्ही लिहितो. आमचं शिक्षण चौथी. पण पाणी कुठून येतं नि कुठं जातं, हे शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

मिठीला लोक नाला म्हणतात. आधी तिची वाट ऐका. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगरात तुळशी तलाव आहे, 1879 सालचा. तो भरला की पाणी विहार तलावात उतरतं. विहार त्याहून जुना, 1860 च्या सुमाराचा. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा तिथूनच गेलं. विहार भरून वाहिला की पाणी मिठीत. पवईचा तलाव 1891 चा. त्याचं पाणी पिण्याचं नाही, पण सांडवा मिठीलाच मिळतो. पुढं मरोळ, विमानतळ, कुर्ला करत सुमारे 18 किलोमीटरवर नदी माहीमच्या खाडीला भेटते.

आता बघा, ओढ्याला वर बांध घातला की खालच्या रानाला बांध भरल्यावरच पाणी. मिठीचं तसंच झालं. वरचं पाणी शहर पितं. पावसाळा सरला की नदीत उरतं ते गटारांचं नि कारखान्यांचं. चंद्रभागेला आषाढीत उजनीतून पाणी सोडतात, म्हणून आपलं स्नान होतं. मिठीला असं कोण सोडतो?

नदीचं पात्र भरावानं नि बांधकामानं आवळत गेलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. खाली समुद्राला भरती. पाण्याला जायला वाट राहिली नाही, ते घरांत शिरलं. कुर्ल्याच्या आपल्या मंडळींचे टाळ, पखवाज, पोथ्या त्यात गेल्या. त्यानंतर शासनानं माधवराव चितळे यांची समिती नेमली, मिठीसाठी वेगळं प्राधिकरणही केलं.

पवई भरून वाहू लागला की पोरंसोरं सांडव्यात भिजायला धावतात. हौशी माणसं तलावात गळ टाकून बसतात. पाणी बघून माणूस हरखतो, त्यात पाप नाही. पण डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी एकाएकी चढतं. काठावरून बघा, आत उतरू नका.

मुंबईकर मंडळींना आमचं एवढंच सांगणं : गळ्यात तुळशीची माळ आहे, नि त्याच नावाच्या तलावापासून ही वाट सुरू होते. पुलावरून निर्माल्याची पिशवी टाकू नका, नि पोरांना ती नदी आहे असंच सांगा. नाला म्हटलं की माणूस त्यात काहीही टाकतो.