मानेवरची गाठ

आमच्या पाटण खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असायचं. कुणी गिरणीत, कुणी माथाडी. नव्वदच्या दशकात त्यांतले काही जण बारीक ताप आणि मानेला गाठी घेऊन गावी परतू लागले. जुनी माणसं म्हणायची, गंडमाळ झाली. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. एचआयव्ही झालेल्यांच्या गाठी आपल्याकडे बहुधा क्षयाच्याच निघतात. पण सगळ्याच नव्हे.

१९६४ साली एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना आफ्रिकी मुलांच्या गाठींतल्या पेशींत नागिणीच्या विषाणूचा एक भाऊबंद दिसला. तो तुमच्याआमच्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निपचित पडलेला असतो. एचआयव्हीनं राखणदार पेशी मारल्या, की तो उठतो आणि लसिका ग्रंथींत कर्करोग माजवू शकतो. याच घराण्यातला आठवा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ साली शोधला. कापोसी सार्कोमा त्याचाच. भारतात तो क्वचितच दिसतो.

गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय हा फरक कळत नाही. माझ्या चुलतभावाला क्षयाची औषधं सुरू झाली, तरी गाठ वाढतच राहिली. तुकडा काढायला मुंबईला न्यायचं ठरलं, पण पैशांची जुळवाजुळव होईतो भादवा उजाडला. २००१ साली तो गेला. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली.

त्याच्या कागदांवर अजून ‘क्षय’ एवढंच लिहिलेलं आहे.