पराभूतांचा वकील : कादंबरीकार ना. सं. इनामदार

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील जुन्या देवघेव-वह्या चाळण्याचा योग या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस आला. पन्नास वर्षांतील सभासदांची नावे, त्यांच्या सह्या, विलंबाबद्दल घेतलेले आणे आणि पुढे रुपये, हे सारे त्या पिवळ्या पडलेल्या पानांत जतन झाले आहे. त्या वह्यांत 'झेप', 'झुंज', 'मंत्रावेगळा', 'शहेनशाह' आणि 'राऊ' यांच्या नोंदी इतक्या लागोपाठ आढळतात की, ही पुस्तके कपाटात कधी विसावली असतील की नाही याचीच शंका यावी. 'राऊ'ची आपल्याकडील प्रत दोनदा नव्याने बांधून घेतलेली आहे. तिच्या एका पानाच्या समासात कोणा वाचकाने पेन्सिलीने लिहिले आहे, "याला पुरावा काय?" त्याखाली निराळ्या हस्ताक्षरात उत्तर आहे, "कादंबरीला पुरावा कशास हवा?"

ग्रंथालयाच्या पुस्तकांवर लिहू नये, असा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. तथापि या दोघा अज्ञात सभासदांना आम्ही मनोमन क्षमा केली, कारण ना. सं. इनामदार यांच्या लेखनाभोवती जो वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालत आला, तो या दोन ओळींत पुरता सामावलेला आहे.

इनामदारांचा जन्म १९२३ चा. 'झेप' ही त्यांची गाजलेली कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे लेखक तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. मराठीतील ऐतिहासिक कादंबरीला हरिभाऊ आपट्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती आणि नाथमाधवांनी तिला घरोघर नेले होते. पण मधल्या काळात तिचा ओघ मंदावला होता. १९६२ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि थोरल्या माधवरावांच्या कथेने वाचकांना पुन्हा शनिवारवाड्यात नेऊन बसविले. पाठोपाठ 'झेप' आली. दोन्ही कादंबऱ्या पेशवाईच्या. परंतु दोघा लेखकांच्या वाटा भिन्न होत्या. देसाईंनी निवडला तो सर्वांना प्रिय असलेला, अठ्ठाविसाव्या वर्षी थेऊरला देह ठेवणारा गुणी पेशवा. इनामदारांनी निवडला तो त्रिंबकजी डेंगळे, ज्याचे नाव गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाशी कायमचे जोडले गेले आहे.

ही निवड आकस्मिक नव्हती. पुढील पुस्तके पाहिली म्हणजे तिच्यामागील सूत्र ध्यानात येते. 'झुंज' (१९६६) मध्ये नायक आहे यशवंतराव होळकर, ज्याला इंग्रजी ग्रंथकारांनी लुटारू ठरविले आणि ज्याने १८०२ साली पुण्यावरच स्वारी केली म्हणून पुणेकरांनीही मनातून क्षमा केली नाही. 'मंत्रावेगळा' (१९६९) मध्ये नायक आहे दुसरा बाजीराव, ज्याच्या नावावर पेशवाई बुडविल्याचे पातक कायमचे लिहिले गेले. 'शहेनशाह'मध्ये तर साक्षात औरंगजेब नायकपदी आहे. 'राऊ' (१९७२) ही थोरल्या बाजीरावाची कथा खरी. पण तीही पालखेडच्या विजेत्याची नसून, स्वतःच्या घरात आणि ब्रह्मवृंदात एकाकी पडलेल्या पुरुषाची आणि मस्तानीची आहे. 'शिकस्त'मध्ये पानिपतानंतर भाऊसाहेबांची वाट पाहत राहिलेली पार्वतीबाई आहे. इतिहासाच्या न्यायालयात ज्यांची बाजू मांडण्यास कोणी उभे राहिले नाही, अशांचे वकीलपत्र या लेखकाने आयुष्यभर घेतले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांच्याविषयी विशेष जवळीक का वाटते, याचे उत्तर नकाशात सापडते. त्यांच्या नायकांची अखेर पाहावी. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे निवर्तले. यशवंतराव होळकर १८११ साली माळव्यात भानपुरा येथे गेले. त्रिंबकजी डेंगळे गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत असता १८२९ साली वारले. दुसरे बाजीराव १८१८ साली माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, १८५१ पर्यंत जगले. स्वदेशापासून दूर, परक्या भाषेच्या मुलखात या साऱ्यांचे शेवटचे श्वास गेले. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या हुकुमांनी आम्हांलाही गंगा-नर्मदेच्या काठांनी फिरविले. 'झेप' वाचली नसती तर चुनारच्या तटावर आम्ही चढलो नसतो, आणि 'मंत्रावेगळा' वाचली नसती तर बिठूरच्या घाटावर एक संपूर्ण रविवार बसून राहिलो नसतो. १८५७ नंतर इंग्रजांनी तेथील पेशव्यांचा वाडा जमीनदोस्त केला. पण वाचकाला तो वाडा उभा दिसतो. हे श्रेय कादंबरीकाराचे आहे.

आता विरोधी पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, वकिली म्हणजे न्याय नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत १८०१ साली विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने स्वातंत्र्य गहाण पडले, या गोष्टी कितीही करुणरम्य लेखणीने पुसल्या जाणार नाहीत. दुसरा आक्षेप असा की, कागदपत्रांत ज्यांच्याविषयी मोजक्या ओळी आहेत, त्यांच्या तोंडी पानेच्या पाने संवाद घातले जातात. मस्तानीचेच पाहा. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीस बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले, या प्रसंगाशी तिचे येणे जोडले जाते. तिचे कूळ कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बाजीराव दूर असता तिला पुण्यात अटकेत ठेवले गेले, याचे उल्लेख आहेत. एवढ्या सामग्रीवर उभी केलेली मस्तानी ही इतिहासातील की इनामदारांची? तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वाचक कादंबरी वाचतो आणि इतिहास वाचल्याचे समाधान घेऊन झोपी जातो.

पहिल्या आक्षेपास इनामदारांची पुस्तकेच एकत्रितपणे उत्तर देतात, असे आमचे नम्र मत आहे. यशवंतराव आणि दुसरा बाजीराव हे परस्परांचे वैरी. विठोजी हा यशवंतरावाचा भाऊ, आणि त्याला मारविणारा हा पेशवा. एकाच लेखकाने दोघांचीही बाजू आळीपाळीने, तितक्याच तळमळीने मांडावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. 'झुंज' हाती असते तेव्हा वसईचा तह हा उघड द्रोह वाटतो. 'मंत्रावेगळा' वाचताना तीच कृती एका भेदरलेल्या, सरदारांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाची अगतिकता वाटू लागते. एकच कादंबरी वाचणारा वाचक फसण्याचा संभव आहे. दोन्ही वाचणाऱ्यास मात्र निकाल देण्याची घाई करवत नाही. शिवाय या मंडळींची जी चित्रे आपण शाळेत पाहिली, ती तरी कोणी रंगविली होती? एल्फिन्स्टन हा पुण्याचा रेसिडेंट, डेंगळ्यांचा उघड प्रतिस्पर्धी. ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा, म्हणजे विजयानंतर आठच वर्षांनी विजेत्यांच्या गोटात लिहिलेला. फिर्यादीच न्यायासनावर बसला असेल, तर आरोपीला वकील मिळणे हे न्यायाच्या हिताचेच आहे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र आमच्यापाशी उत्तर नाही. कारण त्या अपराधाचे आम्ही स्वतःच धनी आहोत.

काही वर्षांपूर्वी इंदूरला नेमणुकीवर असताना आम्ही सहकुटुंब रावेरखेडीस गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते, नर्मदेचे पात्र शांत होते. त्या दगडी समाधीपुढे उभे राहून आम्ही सोबतच्या मंडळींना 'राऊ'तील प्रसंग ऐकवू लागलो. शेजारी गावातील एक वृद्ध शेतकरी येऊन उभे राहिले होते. आमचे बोलणे संपेपर्यंत ते मुकाट्याने ऐकत राहिले आणि मग त्यांनी आदराने विचारले, "साहब, इतने बड़े पेशवा पूना छोड़कर हमारे गाँव में आए किसलिए थे?"

आम्ही निरुत्तर झालो. 'राऊ' आम्ही तीनदा वाचली होती. मस्तानीची अटक, मातोश्री राधाबाईंचा कोप, काशीबाईंचे दुःख, सारे मुखोद्गत होते. परंतु हा पुरुष त्या वैशाखात या नदीकाठी कोणत्या कामासाठी तळ देऊन राहिला होता, हे आम्हांस सांगता येईना. काहीतरी मोघम उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली, पण परतीच्या वाटेवर मुलीने विचारले, "बाबा, तुम्हांला खरंच ठाऊक नव्हतं?" त्या प्रश्नाने लागलेली टोचणी अजून गेलेली नाही.

घरी येताच गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत' उघडली. उत्तर तेथे सरळ होते. १७४० च्या आरंभी निजामाचा पुत्र नासिरजंग याला बाजीरावांनी गोदावरीकाठी नमविले आणि तहात खरगोण व हंडिया हे नर्मदेलगतचे परगणे मिळविले. त्या नव्या मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी ते येथे आले होते. म्हणजे तो शेतकरी ज्या जमिनीवर उभा राहून विचारत होता, तीच जमीन त्याच्या प्रश्नाचे उत्तर होती. दोष इनामदारांचा नव्हता. आम्ही कादंबरीत जे शोधले तेच आम्हांस मिळाले. १७२८ चे पालखेड, १७३७ ची दिल्लीवरील झडप आणि त्याच वर्षअखेरची भोपाळची कोंडी, या साऱ्यांवरून आमची नजर घसरत गेली होती. पेशवे दफ्तरातील निवडक कागद सरदेसाईंनी ४५ खंडांत छापून ठेवले; त्यांतील एकही खंड आमच्या बंगल्यावरील कपाटात नव्हता, आणि 'राऊ'च्या मात्र दोन प्रती होत्या.

इनामदारांना मान मिळाला नाही असे नव्हे. १९९७ साली अहमदनगर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १७०७ साली औरंगजेबाचा अंत याच नगराजवळच्या छावणीत झाला होता, आणि त्याच औरंगजेबाला नायक करणाऱ्या मराठी लेखकाला तेथेच हा सन्मान मिळावा, यात मराठी मनाचे औदार्य दिसते. २००२ साली इनामदार निवर्तले. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१५ मध्ये, 'राऊ'वर आधारलेला 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करतात या दृश्यावरून पेशव्यांच्या वंशजांनी आणि इतरांनी निषेध नोंदविला, आणि जुना वाद देशभर नव्याने पेटला.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीतही त्या वेळी दोन तट पडले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. मंडळातर्फे सामुदायिक तिकिटे काढावीत असे तरुणांचे म्हणणे होते. मंडळाने निषेधाचा ठराव करावा असे ज्येष्ठांचे. सभा रात्री अकरापर्यंत चालली आणि आवाजही चढले. अखेर ठराव झाला नाही आणि तिकिटेही काढली गेली नाहीत. पुढील महिन्यात थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांवर एक व्याख्यान ठेवले गेले, आणि त्याला दोन्ही तटांची मंडळी आली. येथे वाढलेल्या आपल्या मुलांनी त्या दिवशी पालखेडचे नाव प्रथमच ऐकले. चित्रपट आला नसता तर ते व्याख्यान झाले नसते, हेही खरे. आणि कादंबरी नसती तर चित्रपटही आला नसता.

म्हणून समासातील त्या दोन्ही वाचकांचे आम्हांस पटते. "याला पुरावा काय?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण तो विचारण्याइतकी उत्सुकता ज्याने आपल्या मनात जागी केली, त्याचे ऋणही मानले पाहिजे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला शनिवारवाड्याची भिंत जाता-येता दिसते. आपल्या मुलांना ती पुस्तकातूनच दिसणार, आणि बहुधा कादंबरीतूनच प्रथम दिसणार. तेथे ती थांबू नयेत, एवढी काळजी घेणे हे आपले काम आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ग्रंथालयासाठी नवी कपाटे घेण्याचा संकल्प मंडळाने सोडला आहे. आमची एक विनंती आहे. इनामदारांच्या कादंबऱ्या आणि सरदेसाईंची रियासत आज ग्रंथालयाच्या दोन टोकांना आहेत. त्या यापुढे एकाच फळीवर शेजारी ठेवाव्यात. 'राऊ'ची ती जुनी प्रत तिसऱ्यांदा बांधावी लागली तर तिचा खर्च आम्ही आनंदाने देऊ; मात्र बांधणाऱ्याने समास कापू नयेत, एवढे त्यास अवश्य बजावावे.